मी, माझी नकली बहीण आणि पेंटरकाकांचा हात

मी एक जुनी कॉइल आहे, मित्रांनो. कॉइल म्हटल्यावर डास पळवणारी हिरवी चकती डोळ्यांसमोर आली असेल, तर ती आधी पुसून टाका. पंख्याच्या पोटात जळून घरच्यांना घाम फोडणारी कॉइलही मी नव्हे. मी माणसाच्या डोक्याजवळ धरायची कॉइल आहे. दोन गोल पंख शेजारी शेजारी, मधे जोड आणि मागे शेपटीसारखी जाडजूड वायर. लांबून पाहिलं तर मी एखाद्या ढोल्या फुलपाखरासारखी दिसते. मात्र मला उडता येत नाही, आणि उचलताना माझं वजन मनगटाला चांगलंच कळतं.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांब बाकावर झाला. तांब्याची पट्टी गुंडाळणाऱ्या एक बाई तिथे काम करत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि हातात पांढरे सुती मोजे. एखादा वेढा जरा जरी दुसऱ्यावर चढला, तरी त्या "अंहं" म्हणत आणि सगळी गुंडाळी उलगडून पुन्हा सुरुवात करत. शेजारचा कामगार कंटाळून म्हणायचा, "अहो ताई, चालतंय की! कोण उघडून बघणार आहे?" त्या मान वर न करता म्हणत, "कुणाच्या तरी डोक्यावर धरायचीय ही." एवढंच. माझ्या अंगात जो काही नेमकेपणा आहे तो त्या बाईंच्या बोटांतून आलेला आहे, आणि ते सांगताना मला आजही अभिमान वाटतो.

माझं काम काय, तेही सांगते. माझ्यातून क्षणभर जोराचा वीजप्रवाह सोडला, की माझ्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभं राहतं आणि लगेच मावळतं. ते कातडीतून आणि हाडातून सहज आत जातं. टोचणं नाही, कापणं नाही. आत गेल्यावर ते मेंदूच्या पेशींमध्ये बारीकशी वीज जागी करतं. पेशी एकमेकींशी विजेनेच बोलतात. त्यामुळे त्यांना वाटतं, आपल्यालाच कुणीतरी हाक मारली. बाहेर मात्र फक्त 'टक्' असा आवाज येतो. टक्, टक्, टक्. एखादी चिमणी खिडकीच्या काचेवर चोच मारते ना, तसा.

कारखान्यातून मी एका इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या खोलीत आले. तिथे एक मोठी खुर्ची होती, दाढीच्या दुकानात असते तशी, मान टेकायला उशी असलेली. भिंतीवर दोन खुंट्या होत्या. एकीवर मी आणि दुसरीवर माझी जुळी बहीण. रंग तोच, वजन तेच, आवाजही तोच. पण तिच्या पोटात एक आडपडदा होता. तिचं चुंबकत्व बाहेर पडतच नसे. ती नुसतीच टकटक करायची आणि कातडीला हलकेच टिचक्या मारायची. तिला सगळे 'नकली' म्हणत. खरं सांगते मित्रांनो, मी तिच्याकडे जरा नाक वर करूनच बघायचे. खुंटीला खुंटी लागून असली म्हणून काय झालं!

त्या खोलीच्या कर्त्याधर्त्या म्हणजे मॅडम. मेंदूच्या डॉक्टर. बुटक्या, चालणं भरभर आणि बोलणं मात्र सावकाश. रुग्णाला खुर्चीत बसवायच्या आधी त्या स्वतः स्टूल ओढून त्याच्यासमोर बसत आणि डोक्यात कुठे धातूचा तुकडा आहे का, कधी फिट आली होती का, हे सगळं नीट विचारत. मला हातात धरण्याचं काम लंबूचं. तो तिथला तंत्रज्ञ. इतका उंच, की दारातून येताना दर वेळी मान वाकवायचा आणि तरीही महिन्यातून एकदा चौकटीवर आपटायचाच. पण हात? मला धरून तो पुतळ्यासारखा उभा राहत असे. मी कामाने तापले की तो मला खाली ठेवून फुंकर घालायचा. त्या फुंकरीने मी काही थंड होत नसे, पण बरं वाटायचं.

मॅडमना एका गोष्टीचा शोध घ्यायचा होता. डोपामाइनचा. मेंदूत एकीकडचा निरोप दुसरीकडे नेणारी काही रसायनं असतात, त्यांपैकी हे एक. हात उचलावासा वाटला आणि तो उचलला गेला, यात त्याचा वाटा असतो. पुढे काहीतरी चांगलं घडणार आहे अशी चाहूल लागते, त्यातही असतो. आणि ते जिथे कामाला येतं ती जागा मेंदूच्या अगदी तळघरात. माझी पोच मात्र कपाळाआड बोटभर, दोन बोटं. मग माझ्या टकटकीने तळघरात काही हलतं का, हा मॅडमचा प्रश्न.

हे बघायचं कसं? ती युक्ती मला फार आवडते. मॅडम येणाऱ्याजाणाऱ्याला ती खुर्च्यांच्या हिशोबात समजावून सांगायच्या. समजा, तळघरात पुष्कळ खुर्च्या मांडल्या आहेत. डोपामाइन आलं, की त्या खुर्च्यांवर बसतं. आता सुईतून एक मंद चमकणारं औषध आत सोडायचं. त्यालाही त्याच खुर्च्या हव्या असतात. ज्या रिकाम्या, त्यावर ते बसणार आणि शेजारच्या खोलीतल्या मोठ्या यंत्राच्या फोटोत चमकणार. चमक जास्त, तर खुर्च्या रिकाम्या होत्या. चमक कमी, तर आधीच कुणीतरी येऊन बसलं होतं. म्हणजे डोपामाइन सुटलं होतं!

आधी धडधाकट माणसांवर प्रयोग झाले. मी कपाळाच्या डाव्या बाजूला टकटक करायचे, मग फोटो निघायचा. पहिल्यांदा तळघरातली चमक उतरलेली दिसली, तेव्हा मॅडमनी तो फोटो आधीच्या फोटोशी दोनदा ताडून पाहिला. मग म्हणाल्या, "लंबू, वरच्या मजल्यावर बेल वाजवली आपण, आणि तळघरातलं माणूस उठून आलं बघ." पेशींचे लांबलचक धागे वरून खालपर्यंत गेलेले असतात. त्यांनी माझा निरोप पोचवला होता. माझं त्या दिवशी फार कौतुक झालं. दुसऱ्या शहरांतले लोक मला बघायला आले. एकाने तर माझ्यासोबत फोटो काढला. मी हवेत तरंगत होते म्हणा ना!

आणि मग पेंटरकाका आले.

ते दुकानांच्या पाट्या रंगवत. ब्रशने, हाताने. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाची, चष्म्याच्या दुकानाची, शिंपीदादांची, अशी अर्ध्या गावाची अक्षरं त्यांच्या हातची. पण त्यांना कंपवात झाला होता. या आजारात डोपामाइन तयार करणाऱ्या पेशीच हळूहळू कमी होत जातात. हात थरथरतो हे सगळ्यांना दिसतं. काकांचं दुःख वेगळं होतं. त्यांची अक्षरं बारीक होत चालली होती. पहिलं अक्षर हातभर, दुसरं वीतभर, आणि ओळ संपेपर्यंत मुंगी. त्यांनी ब्रश धुऊन, पुसून माळ्यावर टाकले होते. इकडे त्यांच्या लेकीने सायकल दुरुस्तीचं दुकान काढलेलं. दुकान चालू होतं, पण वरची पाटी कोरी. "बाबा लिहितील तेव्हाच नाव लागेल," असं तिने सांगून टाकलं होतं. गिऱ्हाइकं त्या दुकानाला 'कोऱ्या पाटीचं दुकान' म्हणू लागली. काकांना ते ऐकू यायचं आणि ते त्या रस्त्याने जाणं टाळायचे.

त्यांना घेऊन आल्या त्या काकू. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं, पण काळीज मोठं. आल्या आल्या मॅडमना म्हणाल्या, "या मशीनने हलवणार यांना? मी संसारभर हलवतेय, अजून जागचे उठत नाहीत!"

काका हसले नाहीत. आजारात चेहराही आखडतो. पण डोळे हसले.

मॅडमनी त्यांना स्पष्ट सांगितलं, "काका, दोन कॉइल आहेत. एक खरी, एक नकली. तुम्हाला कुठली मिळेल ते चिठ्ठीवर ठरतं. मलाही माहीत नसतं. लंबूला माहीत असतं, पण त्याने सांगायचं नाही. प्रयोग संपला की तुम्हाला सगळं कळेल. चालेल?"

"नकली मिळाली तर?"

"तर शेवटी खरी देऊ. तोवर तुमच्या गोळ्या चालूच राहतील."

काका तयार झाले. पहिल्या दिवशी, टकटक किती जोराची लागेल त्याच्या मोजमापासाठी, मलाच घेतलं, कारण ते मोजमाप माझ्याशिवाय होत नाही. लंबूने मला डोक्यावर थोडं थोडं सरकवलं, आणि एका जागी टक् होताच काकांचा अंगठा टुणकन उडाला.

"अहो!" काका दचकले. "हा मला न विचारताच उडाला!"

काकू पुढे वाकून म्हणाल्या, "तीच जागा मला दाखवून ठेवा हो. घरी उपयोगी पडेल."

दुसऱ्या दिवसापासून लंबूने हात वर केला तो माझ्या बहिणीच्या खुंटीकडे. चिठ्ठीत नकली आली होती. मला वाईट वाटलं. खुंटीवरून मी बघत राहिले. काका डोळे मिटून बसायचे आणि ती त्यांच्या कपाळाशी पोकळ टकटक करायची. लंबूचा चेहरा दगडासारखा. मॅडम बाहेर. काका मात्र रोज म्हणायचे, "आत पोचतंय बरं का. अगदी आतपर्यंत." लंबू वायर सरळ करायला खाली वाकायचा, तो बराच वेळ वर यायचा नाही.

आणि मित्रांनो, काका सुधारू लागले.

आधी शर्टाची बटणं. मग चहाचा कप दोन हातांऐवजी एका हातात. मॅडम त्यांना कागदावर एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहायला लावत. पूर्वी ते उतारावरून घसरल्यासारखं बारीक होत जायचं. आता शेवटचं अक्षर पहिल्याच्या जवळपास येऊ लागलं. एका सकाळी काकू खोलीत शिरल्या त्या तोंडावर पदर धरूनच. "माळ्यावरचे ब्रश मागितले यांनी," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून इतकं छोटं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

पाटी रंगवली गेली. निळ्या जमिनीवर पिवळी अक्षरं. लेकीने फोटो आणून दाखवला. शेवटच्या अक्षराची वेलांटी जरा अवघडलेली होती, पण ते अक्षर मुंगी झालं नव्हतं. लंबूने फोटो हातात घेतला, "मस्त" म्हणाला आणि पाणी प्यायला निघून गेला. जाताना चौकटीवर आपटला.

माझी मात्र तगमग होत होती. मी खरी, चुंबक माझ्या अंगात, नेमकेपणा माझ्यात, आणि काम केलं कुणी? तिने? जिच्या पोटात आडपडदा?

प्रयोग संपला. चिठ्ठ्या उघडल्या. त्याच खोलीत पडद्यावर फोटो लावले गेले. माझ्या हाताखालून गेलेल्या माणसांच्या तळघरात चमक उतरली होती, हे अपेक्षितच होतं. पण काकांच्या आणि त्यांच्यासारख्या आणखी काही जणांच्या फोटोतही ती उतरली होती. खुर्च्या भरल्या होत्या. नकली कॉइलने!

त्या दिवशी मॅडमचे वरिष्ठ आले होते. मोठे डॉक्टर. ते वाईट गृहस्थ नव्हते, पण त्यांना निकालाची घाई होती. ते म्हणाले, "हे काही रुग्ण बाजूला ठेवू या. यांच्यामुळे चित्र गढूळ होतंय. खऱ्या कॉइलचा फरक ठसठशीत दिसायला हवा."

मॅडम सावकाश म्हणाल्या, "सर, जे दिसलं ते लिहायचं. जे हवंय तेच लिहायचं असतं, तर एवढं यंत्र कशाला आणलं? मनातच ठरवून मोकळे झालो असतो."

"तुमच्या कॉइलची किंमत कमी होईल."

"होऊ दे. कॉइलची होईल, मेंदूची वाढेल."

मोठ्या डॉक्टरांनी फोटो पुन्हा एकदा पाहिले आणि ते "बरं, लिहा" म्हणून गेले. मी ज्यांच्याविषयी सांगते आहे त्या मॅडम अशा होत्या. माझं नाव कमी झालं, पण मला त्यांचा राग आला नाही. उलट, आपण अशा माणसाच्या खोलीत लटकतो याचंच कौतुक वाटलं.

खरा प्रश्न पुढेच होता. काकांना सांगायचं कसं?

लंबू हात जोडून म्हणाला, "मॅडम, नका ना सांगू. चाललंय ते छान चाललंय. कळलं तर हात पुन्हा आखडेल त्यांचा."

"मलाही तीच भीती आहे," मॅडम म्हणाल्या. "पण परवा ते मला विचारत होते, गोळ्या बंद करू का म्हणून. मशीनने बरा झालो, म्हणाले. त्यांनी खरंच बंद केल्या, तर? आणि आपण शब्द दिलाय रे त्यांना."

काका-काकू आले. मॅडमनी नेहमीसारखं स्टूल ओढलं आणि आडवळण न घेता सांगितलं. "काका, तुम्हाला नकली मिळाली होती."

काका आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा तरी आहे. मग अगदी हळू म्हणाले, "म्हणजे मी सोंग करत होतो? लेकीला फसवलं मी?"

काकूंनी त्यांचा तोच हात आपल्या हातात घेतला.

मॅडम उठल्या. त्यांनी पडदा काकांकडे वळवला आणि दोन फोटो शेजारी शेजारी लावले. "हा साध्या दिवसाचा. हा त्या टकटकीनंतरचा. इथली चमक बघा, उतरलीय ना? खुर्च्या भरल्यात. तिथे डोपामाइन आलंय. ते आम्ही दिलेलं नाही. ते तुमचं आहे. आपल्याला बरं वाटणार, असं तुम्हाला मनापासून वाटलं आणि तुमच्या मेंदूने होतं नव्हतं ते पणाला लावलं. सोंगाचा असा फोटो निघत नाही, काका."

काका उठून पडद्याजवळ गेले. त्यांनी बोट पुढे केलं आणि त्या उतरलेल्या चमकेभोवती हवेतच एक गोल काढला. मोठा, पूर्ण गोल.

"हे माझं?"

"तुमचंच. पण हे कायम टिकणारं नाही आणि पुरेसंही नाही, म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत. कळलं?"

"कळलं." मग ते वळले आणि लंबूकडे बघून म्हणाले, "तुला माहीत होतं. फार जड गेलं असेल रे."

लंबू एवढा उंच माणूस, पण त्याला तोंड लपवायला जागा सापडेना.

मित्रांनो, इथून पुढे सगळं गोड गोड झालं असं मी सांगणार नाही. पुढच्या काही आठवड्यांत काकांचा हात थोडा मंदावला. मग ठरल्याप्रमाणे मला खुंटीवरून काढलं. काकू लगेच म्हणाल्या, "आता ही खरी आहे. नाहीतर मनातल्या मनात हिलाही नकली समजाल, आणि पुन्हा पंचाईत!" या वेळी काकांचा चेहरासुद्धा हसला. माझाही उपयोग झाला, पण आजार काही पळून गेला नाही. काही दिवस बरे जात, काही नाही. काका अक्षरांच्या वर-खाली खडूच्या जाड रेघा आखून घेऊ लागले. रेघ दिसली की हात घसरत नाही, हे त्यांना उमगलं होतं. दिवस चांगला असला तर पाटी, नसला तर चहा, असा त्यांचा क्रम झाला.

खोलीतही बदल झाला. मॅडमनी सगळ्यांना बजावलं, की रुग्ण आत आल्यापासून आपलं काम सुरू होतं, कॉइल लावल्यापासून नव्हे. कुणी घड्याळ बघत बोलायचं नाही. मी मात्र बहिणीकडे नाक वर करून बघणं सोडून दिलं.

वर्षं गेली. माझ्या मानेपाशी वायर सोलवटली, एका पंखाला चीर गेली. चीर गेलेली कॉइल माणसाच्या डोक्यावर धरणं धोक्याचं, त्यामुळे मला खाली उतरवलं ते योग्यच झालं. पाण्याने थंड राहणारी नवी कॉइल आली. मी बरीच वर्षं खिडकीखालच्या खोक्यात पडून होते, वर छपाईच्या कागदांचे गठ्ठे. अंगावर धूळ, कानावर नव्या कॉइलचा आवाज. वाईट वाटायचं, नाही असं नाही. पुढे लंबूने, त्याचे केस तोवर पिकले होते, मला शोधून काढलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि शिकणाऱ्या मुलामुलींना दाखवण्यासाठी काचेच्या कपाटात ठेवलं. आता मी तिथेच असते. ती मुलंमुली मला हातात घेतात, उलटीपालटी करतात आणि हमखास विचारतात, "ही खरी का?"

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. यंत्र उचलाल तेव्हा ते वायरीला धरून ओढू नका, अंगाखाली हात घालून उचला. आम्ही तेवढ्यानेही पुष्कळ वर्षं टिकतो. आणि कधी एखाद्या आजारी माणसाजवळ बसाल, तर त्याला खोटं सांगू नका, पण उठायची घाईही करू नका. जरा स्टूल ओढून जवळ बसा. त्याच्या कपाळाआड, माझी कधीच पोच नव्हती इतक्या खोल, कुणीतरी तुमचा शब्द ऐकून उठायच्या तयारीत असतं.